मजेतराव आणि ठणठणीतराव

आमच्या डब्यात दोन गृहस्थ असे आहेत की त्यांना आजवर कधी काही झालेलं नाही. साऱ्या जगाची कंबर धरते, जगाच्या पोराला बारावीत मार्क कमी पडतात, जगाचा बिल्डर पैसे घेऊन पसार होतो; या दोघांच्या वाटेला यातलं काहीही जात नाही. एकाला "काय, कसं काय?" म्हणावं तर "मजेत!" दुसऱ्याला म्हणावं तर "एकदम ठणठणीत!" त्यांची आडनावं डब्यात सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ती आता फक्त पासावर उरली आहेत. तोंडी व्यवहारात एक मजेतराव आणि दुसरे ठणठणीतराव.

डबा सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलचा. मजेतराव एका खिडकीत, ठणठणीतराव त्यांच्या समोरच्या खिडकीत आणि मी ठणठणीतरावांच्या बाकावर चौथ्या सीटला. चौथी सीट म्हणजे काय, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: तीन माणसांच्या बाकावर चौथ्याला जेवढं टेकवता येईल तेवढं टेकवायचं, तिला चौथी सीट म्हणतात. निम्मा माणूस बाकावर, निम्मा वाटेत. कान मात्र पूर्ण आत. या दोघांची बरीचशी माहिती त्या कानांनी गोळा केलेली आहे. उरलेली दोन्ही वहिनींनी पुरवली, ती कशी ते पुढे येईलच.

मजेतराव बुटके, नीटनेटके. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक फक्त मागणाऱ्यांसाठी. चेहऱ्यावरचं हसू डोंबिवलीला चढतं आणि सीएसएमटीला उतरतं. ठणठणीतराव उंच, रुंद, आवाजाने त्याहून रुंद. समोरच्याच्या पाठीत थाप मारल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. खिशात आवळा सुपारीची डबी आणि जिभेवर सगळ्यांसाठी औषध. कुणी शिंकलं की "ओवा शेक", कुणी जांभई दिली की "पहाटे उठून चाल". स्वतःसाठी त्यांना कसलंच औषध लागत नाही, कारण ते ठणठणीत.

ही जात फक्त आमच्या डब्यात सापडते असं नाही. तुमच्या सोसायटीत, हापिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही बघा. ओळखायची खूण सोपी आहे: हा माणूस विचारपूस करण्यात पहिला असतो. तुम्ही तोंड उघडण्याआधी तो विचारतो, "काय, आईची तब्येत कशी आहे?" तुम्ही आईच्या गुडघ्यांत शिरता आणि त्याच्याकडे वळायचं राहूनच जातं. दुसऱ्याच्या दवाखान्यात पहिला डबा याचा, दुसऱ्याच्या मयताला तिरडीचा बांबू आणायला पहिला हा. याच्या घरी काय चाललंय हे मात्र नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला आपल्याआधी कळतं.

निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ आला २००५ साली. त्यातला माधव आपटे रोजच्या जाचाला विटून एक दिवस हातात बॅट घेऊन निघतो. सिनेमा डब्यात सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांना पटला. पण खरा डोंबिवलीकर बॅट घेऊन निघत नाही. तो डबा घेऊन निघतो, आठच्या आत प्लॅटफॉर्मवर उभा राहतो आणि विचारलं तर सांगतो, "मजेत."

मजेतराव हे खरोखरच सांगत उभे असायचे, नोकरी गेल्यानंतरसुद्धा.

२०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या फोर्टातल्या कंपनीने हिशेबाचं खातं गुंडाळून काम बाहेर द्यायचं ठरवलं. आम्हाला याचा पत्ता नाही. दिवाळीआधी डब्यात आपापल्या कंपनीचे खोके उघडायची आमच्याकडे पद्धत आहे. मजेतरावांनीही खोका उघडला. "घ्या, कंपनीकडून." एरवी त्यांच्या कंपनीचा खोका म्हणजे सोनपापडी, यंदा काजूकतली. ठणठणीतरावांनी एक उचलली, खोक्याचं झाकण उलटं करून पाहिलं आणि पुन्हा सुलटं ठेवलं. झाकणाच्या आत फडके रोडवरच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी चिकटलेली होती, वर दोन दिवसांपूर्वीची तारीख. "कंपनी सुधारली हो तुमची!" ठणठणीतराव गरजले आणि चिठ्ठी अंगठ्याने खरवडत खरवडत त्यांनी खोका पुढच्या बाकावर सरकवला.

पुढे पुरावे जमतच गेले. मजेतराव नेहमी तीन महिन्यांचा पास काढायचे. आता एक महिन्याचा काढू लागले. ज्याला पुढच्या महिन्याची खात्री नाही तोच मंथली काढतो, हे पासाच्या खिडकीवरचा पोऱ्यादेखील सांगेल. त्याहून मोठा पुरावा म्हणजे मजेतराव आपल्या साहेबाबद्दल चांगलं बोलू लागले. नोकरी असलेला माणूस रोज सकाळी ठाण्यापर्यंत साहेबाला शिव्या देतो, हा डब्याचा शिरस्ता. मजेतराव एके दिवशी म्हणाले, "तसे आमचे साहेब मनाने वाईट नाहीत." ठणठणीतरावांनी आवळा सुपारीची डबी काढली, दोघांना दिली आणि काहीच बोलले नाहीत. निदान झालेलं होतं.

मजेतराव रोज सीएसएमटीला उतरून आम्हाला हात करत. आम्ही दिसेनासे झालो की उलट्या दिशेची स्लो पकडून दादरला येत. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. तिथे वर्तमानपत्रं वाचायला बसता येतं आणि कुणी कामधंद्याची चौकशी करत नाही. मजेतराव अग्रलेखापासून निविदा सूचनांपर्यंत सगळं वाचत. त्यांनीच नंतर सांगितलं की तिथे त्यांच्यासारखे आणखी काही होते. इस्त्रीचे शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी. कुणी कुणाकडे बघत नसे, पण साडेबारा वाजले की एकेक जण हळूच उठून डबा खायला बाहेर पडे.

घरी वहिनींना कळलेलं नव्हतं असं मजेतरावांना वाटत होतं. वहिनींना एक तारखेलाच कळलं. पगाराचा मेसेज आला की नवऱ्याचा फोन टेबलावर एकदा थरथरतो, तो त्या दिवशी थरथरला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक जादा पोळी आणि संध्याकाळसाठी चिवड्याची पुडी यायला लागली. मजेतरावांना वाटलं, थंडीचे दिवस आहेत म्हणून असेल.

दोन्ही घरांचा खरा कारभार असा वहिनींमार्फत चालतो. मजेतवहिनी ठणठणीतवहिनींना भाजीच्या गाडीवर सांगतात आणि म्हणतात, "तुमच्या ह्यांना सांगू नका हं." ठणठणीतवहिनी त्याच संध्याकाळी ‘ह्यां’ना सांगतात आणि वर बजावतात, "तुम्हाला कळलंय हे भावोजींना कळू देऊ नका." भावोजींच्या घरातूनही अशीच आवक-जावक असते. त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं सगळं ठाऊक असतं आणि काही ठाऊक नसल्याचं नाटक वठवण्यात दोघांची निम्मी शक्ती जाते. माणसाला आपलं दुखणं लपवणं सोपं आहे. समोरच्याचं दुखणं आपल्याला कळलंय हे लपवणं महाकठीण. त्याला जातिवंत नट लागतो.

नोव्हेंबरात एका सकाळी ठणठणीतरावांनी हे नाटक रंगवलं, ते मी चौथ्या सीटवरून पाहिलं.

"तुझ्या ओळखीत हिशेबाचा कुणी माणूस आहे का रे?" गाडी दिव्याच्या आसपास असताना ते म्हणाले. "मेव्हण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. जीएसटीचे रिटर्न तुंबलेत. तू कर असं म्हणत नाही मी. तुला कुठला वेळ?"

"मला कुठला वेळ," मजेतराव म्हणाले.

"तेच तर. पण तुझ्या ओळखीत..."

एवढ्यात पारसिकचा बोगदा आला. १९१६ साली उघडलेला, एक किलोमीटरहून लांब. तेव्हा फास्ट लोकल त्यातून जात असत आणि आत शिरलं की खडखडाटात शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नसे. वाद अर्ध्यावर थांबत, पत्ते हातात राहत. मजेतरावांना विचार करायला रेल्वेने दिलेली ही सवड होती. गाडी उजेडात आली.

"आहे एक," मजेतराव म्हणाले.

"कसा आहे?"

"प्रामाणिक आहे. पन्नाशी उलटलीय. थ्री-बी वीस तारखेच्या आत भरतो. जीएसटी आला २०१७ च्या जुलैत, तेव्हापासून एकदाही लेट फी लागू दिली नाही त्याने."

"आणि स्वभावाने?"

"जरा मानी आहे."

"मानी असलेला बरा. घेईल किती?"

"विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा. "विचारलंस का त्याला?"

"विचारलं. ओळखीतलं काम आहे, द्याल ते घेईन म्हणतो."

"अरे, त्याला सांग, संकोच करू नको. मेव्हणा माझा आहे, पण पैसे मेव्हण्याचे आहेत."

"बरं. तसं सांगतो त्याला."

"आणि शनिवारी दुकानावर पाठव."

"पाठवतो. नवखा आहे, मीही येईन त्याच्यासोबत."

शनिवारी दुकानावर मजेतराव एकटेच पोहोचले. मेव्हण्याला आधीच पढवून ठेवलेलं होतं. त्याने विचारलं, "तुमचा माणूस नाही आला?" मजेतराव म्हणाले, "त्याला जरा बरं नाही. आजच्यापुरतं मी बघतो." त्या माणसाला तेव्हापासून आजतागायत बरं नाही आणि मजेतरावांचं आजच्यापुरतं अजून चालू आहे. एका दुकानाची पाच दुकानं झाली. प्रत्येक दुकानदाराला ठणठणीतरावांनी खासगीत बजावलेलं असतं, "पैसे देताना ‘तुमच्या त्या माणसाला द्या’ असं म्हणायचं."

मग टाळेबंदी आली. २२ मार्च २०२०च्या रात्री लोकल थांबल्या आणि देशातले सगळे नोकरदार घरी बसले. मजेतरावांच्या आयुष्यात एवढा निवांतपणा पूर्वी आला नव्हता. कुणीच कुठे जात नव्हतं, त्यामुळे आपण कुठे जात नाही हे लपवायची गरज नव्हती. पण सवय वाईट. सकाळी गाडीच्या वेळेला ठणठणीतरावांचा फोन येई आणि दोघे घरच्या खुर्चीत बसून सीएसएमटीपर्यंत जात. "कोपर गेलं असेल." "गेलं. दिव्याला आज गर्दी नाही." बोगदा आला की दोघेही मिनिटभर गप्प बसत आणि मग बोलणं पुढे चालू होई. मजेतवहिनींनी हे एकदा दाराआडून ऐकलं आणि ठणठणीतवहिनींना विचारलं, "हे दोघे बरे आहेत ना?" त्या म्हणाल्या, "आमचे ठणठणीत आहेत. तुमचे?"

ठणठणीतराव तेव्हा होते ठणठणीत. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. शेजारची खाट रात्रीतून दोनदा रिकामी झाली. घरी आल्यावर डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "साधा ताप होता. एकदम ठणठणीत!" खाली अंगठ्यांची रांग लागली. मजेतरावांचा अंगठा सर्वात शेवटी आला.

१५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल खुली झाली. आम्ही आपापल्या जागांवर परतलो आणि ठणठणीतराव आठवड्याभरात म्हणाले, "मी आता स्लोने जाणार. स्लोला हवा चांगली लागते." डबा चकित. डोंबिवलीतला माणूस मनाने स्लोला जातो हे कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. मजेतराव खिडकीतून वळलेदेखील नाहीत. म्हणाले, "मीही येतो. मला मुंब्र्याची खाडी बघायला आवडते." जन्मात मुंब्र्याच्या खाडीबद्दल कुणी असं बोललं नसेल. मग चौथी सीटही स्लोला गेली.

खरं कारण बोगदा. आत शिरताच ठणठणीतरावांची छाती धडधडायला लागे, तळहातांना घाम, बोटांना मुंग्या, आणि आता आपण जातो अशी खात्री. स्लोच्या रुळांवर पारसिकचा बोगदा नाही, पण दिवा आणि मुंब्र्याची गर्दी आहे. महिनाभरात ती पुरेशी झाली. एकदा ते कोपरलाच उतरून गेले आणि संध्याकाळी म्हणाले, "एका ओळखीच्या माणसाला भेटायचं होतं." कोपरला त्यांच्या ओळखीचं कुणी नाही. ईसीजी झाला, टूडी एको झाला, रक्त झालं, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले की माणसाने पेढे वाटावेत. ठणठणीतरावांना राग आला. एवढं होतंय आणि कागदावर काहीच नाही, म्हणजे लोकांना दाखवायचं काय? आवळा सुपारीच्या डबीत आता सुपारीखाली दोन गोळ्या असत, एका फॅमिली डॉक्टरने "लागली तर घ्या" म्हणून दिलेल्या. मजेतरावांनी एकदा सुपारी मागितली तेव्हा ठणठणीतरावांनी डबी न उघडता "संपली" म्हणून सांगितलं. डबी खुळखुळली. मजेतराव म्हणाले, "हो का? मी आणून देतो."

मनाच्या डॉक्टरकडे जायचं तर ठाण्याला, आणि अडचण तिथेच होती. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून मुंबईत कुणी विचित्र वागलं की "याला ठाण्याला उतरवा" ही कोटी ठरलेली. आमच्या डब्यात तर ठाणं रोज येतं, त्यामुळे ती रोज होते. ठणठणीतरावांनी स्वतः ती हजार वेळा केलेली. आता ठाण्याला कसे उतरणार?

मजेतरावांनी मार्ग काढला. शुक्रवारी म्हणाले, "मला जरा ठाण्याला डॉक्टरकडे जायचंय. मनाच्या. एकट्याने जायला संकोच वाटतो. येतोस का सोबत?"

ठणठणीतरावांनी त्यांच्या पाठीत थाप मारली. "अरे, त्यात लाजायचं काय? हल्ली सगळेच जातात. मी आहे ना!" दुसऱ्याच्या दुखण्यात ही जात किती शूर असते ते यावरून कळावं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुलीच्या वयाच्या. "काय होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मजेतरावांनी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. "गर्दीत शिरलं की छाती धडधडते. हाताला मुंग्या, घाम. आता मरणार असं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं, मग पुन्हा होईल की काय याची भीती वाटत राहते. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मे महिन्यात दवाखान्यातून घरी आलो, तेव्हापासून. शेजारची खाट दोनदा रिकामी झालेली बघितली."

ठणठणीतराव खुर्चीत ताठ झाले. खाटेचं त्यांनी बायकोशिवाय कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"आणि डावा गुडघा हलायला लागतो," मजेतराव म्हणाले. "गाडीने दिवा सोडलं की."

"उजवा," ठणठणीतराव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मी समोर बसतो," मजेतराव ओशाळून म्हणाले. "मला तो डावीकडे दिसतो."

बाईंनी कागद ठणठणीतरावांकडे वळवला आणि पुढची वीस मिनिटं त्यांच्याशीच बोलल्या. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, त्याने जीव जात नाही, आणि ज्या जागेची भीती वाटते ती टाळत गेलं की भीती आणखी जागा व्यापते, असं त्यांनी समजावलं. श्वास कसा सावकाश सोडायचा ते दाखवलं. औषध लिहून दिलं. मग कागद बाजूला ठेवता ठेवता मजेतरावांना सहज विचारलं, "आणि तुमची झोप कशी आहे?"

"मजेत."

"किती वाजता लागते?"

"तीनला."

हे पाठांतरात नव्हतं. मजेतरावांनी स्वतःच्या तोंडाकडे बघता आलं असतं तर बघितलं असतं. बाईंनी दुसरा कागद घेतला. "कधीपासून?" मजेतराव म्हणाले, "दिवाळीपासून." "गेल्या दिवाळीपासून?" "नाही, २०१९ च्या." ठणठणीतराव छताच्या पंख्याकडे बघत राहिले, कारण ही गोष्ट त्यांना ठाऊक नसायला हवी होती. सोबत म्हणून गेलेला पेशंट निघाला आणि पेशंट म्हणून गेलेलाही पेशंटच निघाला. फी दोघांची लागली. ती कुणी द्यायची यावर काउंटरवर झालेली ओढाताण रिसेप्शनवरच्या मुलीच्या अजून लक्षात आहे म्हणतात.

२०२२ च्या फेब्रुवारीत रेल्वेने ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी बहात्तर तासांचा ब्लॉक घेतला आणि फास्ट लोकल बोगद्यातून जायच्या बंद झाल्या. बोगदा लांबच्या गाड्यांना गेला. सारी मुंबई ब्लॉकला शिव्या घालत असताना मजेतराव डब्यात म्हणाले, "मी अर्ज केला होता." ठणठणीतराव फास्टला परतले. पण डॉक्टरीणबाईंचं समाधान होईना. बोगदा गेला म्हणून भीती गेली असं होत नाही, म्हणाल्या. एकदा मुद्दाम जाऊन या. मग रविवारी मजेतरावांनी "कल्याणला एकाकडे हिशेबाचं काम आहे" असं सांगून ठणठणीतरावांना उलटं कल्याणला नेलं आणि तिथून ठाण्याला जाणाऱ्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चढवलं. बोगदा आला. उजवा गुडघा हलला. मजेतरावांनी मोठ्याने जीएसटीचे दर म्हणायला सुरुवात केली, "पाच, बारा, अठरा, अठ्ठावीस..." खडखडाटात ऐकू काहीच येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते. ठाण्याला उतरल्यावर ठणठणीतराव म्हणाले, "अठ्ठावीस टक्क्यांत सिमेंट येतं ना रे?" असे चार रविवार गेले. कल्याणच्या त्या माणसाचं हिशेबाचं काम अजून पूर्ण झालेलं नाही.

मजेतरावांचं औषधही चालू आहे. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारने टेलिमानस ही हेल्पलाइन सुरू केली. नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र. मजेतरावांनी तो मोबाइलमध्ये ‘गॅस बुकिंग’ नावाने ठेवला. वहिनी एके दिवशी ठणठणीतवहिनींना म्हणाल्या, "घरात सिलिंडर एक आणि हे रात्री तीनला बुकिंग करतात." उत्तर आलं, "करू द्या. आमच्याकडे रविवारी कल्याणचं बुकिंग असतं."

या जातीचं फार कौतुक करू नये, हे मला मान्य आहे. त्यांनी पहिल्या महिन्यातच तोंड उघडलं असतं तर मजेतरावांची दोन वर्षांची झोप वाचली असती, ठणठणीतरावांची कोपरची वारी टळली असती आणि दोन्ही वहिनींना एवढी हेरगिरी करावी लागली नसती. शिवाय सगळ्याच मजेतरावांना समोरच्या खिडकीत ठणठणीतराव मिळत नाही. ज्यांना मिळत नाही ते तीन वाजता कुणाला फोन करत असतील, कोण जाणे. पण एक गोष्ट मी चौथ्या सीटवरून शिकलो. लपवणं एकट्याने निभत नाही. त्यालाही भागीदार लागतो. आणि भागीदार चांगला असेल तर पडदा किती वेळ धरायचा आणि कधी हळूच सोडायचा, हे तो तुमच्यापेक्षा नीट जाणतो.

आता दोघे बोलतात. मोकळं मात्र नाही. त्यांनी तो तिसरा माणूस कामाला लावला आहे. पन्नाशी उलटलेला, मानी, जन्माचा आजारी. दिवा गेलं की एक जण विचारतो, "तुझा तो मित्र कसा आहे?"

"बरा आहे. काल साडेबाराला झोपला."

"वा! आणि दवाखान्यात जातो ना वेळेवर?"

"जातो. तुझा तो?"

"गुरुवारी दादरच्या पुलावर गर्दीत अडकला होता. थांबून श्वास मोजला म्हणाला. उतरला जिना."

"शाबास म्हणावं त्याला."

"सांगतो."

डब्याला आता या तिसऱ्याची इतकी सवय झाली आहे की कधी दोघांपैकी कुणी आलं नाही तर आम्हीही तोच प्रश्न विचारतो. परवा दसऱ्याआधीच्या शेवटच्या वर्किंग डेला डब्याची पूजा होती. झेंडूच्या माळा, पताका, आरती, सगळं साग्रसंगीत. खजिनदार वर्गणी गोळा करत आमच्या बाकापर्यंत आले. मजेतरावांनी आपले १०१ रुपये दिले, ठणठणीतरावांनी आपले दिले, आणि दोघांनी एकाच वेळी आणखी एकेक नोट काढली. "हे आमच्या मित्राचे."

खजिनदार म्हणजे व्यवहारी माणूस. पेन उघडून म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण पावती कुणाच्या नावाने फाडू?"

दोघांनी तत्काळ एकमेकांकडे बोट दाखवलं.